पॉवरप्ले का अडतो? बोस्टन ब्रुइन्सच्या २०११ च्या हंगामावरून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आइस हॉकीतला पॉवरप्ले आणि क्रिकेटमधला पॉवरप्ले एकच का?

नाव सोडले तर दोहोंत साम्य नाही. बोस्टन किंवा टोरोंटोला नातेवाइकांकडे गेल्यावर पहिल्यांदा आइस हॉकीचा सामना पाहणाऱ्या मराठी माणसाची इथेच गफलत होते. क्रिकेटमध्ये पॉवरप्ले ठरलेल्या षटकांत येतो आणि दोन्ही संघांना सारखाच मिळतो. आइस हॉकीत तो प्रतिस्पर्ध्याच्या चुकीतून मिळतो: कुणी पाय अडकवला, स्टिक मारली किंवा अंगाला धरून ठेवले, तर त्या खेळाडूला साधारणपणे दोन मिनिटे पेनल्टी बॉक्समध्ये बसावे लागते, आणि तेवढा वेळ गोलरक्षक वगळता पाच विरुद्ध चार असा सामना चालतो. या दोन मिनिटांत गोल झाला की शिक्षा तिथेच संपते आणि बाहेर बसलेला खेळाडू परत येतो.

हा शेवटचा नियम पहिल्यापासून नव्हता. ५ नोव्हेंबर १९५५ रोजी मॉन्ट्रियल कॅनेडियन्सच्या जाँ बेलिव्होने एकाच पॉवरप्लेवर ४४ सेकंदांत तीन गोल केले. तेव्हा पूर्ण दोन मिनिटे बाहेर बसावेच लागत असे. पुढच्याच हंगामापासून नियम बदलला. त्या दिवशी समोर उभा असलेला संघ बोस्टन ब्रुइन्सचाच होता, हा योगायोग पुढचे वाचताना लक्षात असू द्यावा.

एक खेळाडू जास्त असूनही गोल का होत नाही?

कारण न होणे हीच रीत आहे. एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये साधारण पाच पॉवरप्लेंपैकी एकावर गोल झाला, तर कामगिरी ठीक मानली जाते. हंगामभराची पद्धतशीर आकडेवारी १९७७-७८ पासून मिळते, आणि त्यातला उच्चांक एडमंटन ऑयलर्सचा २०२२-२३ मधला ३२.४ टक्के हा आहे. म्हणजे सर्वोत्तम पॉवरप्लेसुद्धा तीनांतल्या दोन वेळा रिकाम्या हाताने परतला. नीचांक अ‍ॅनाहाइम डक्सचा, २०२०-२१ मधला ८.९ टक्के. त्यामुळे 'आमचा पॉवरप्ले नेहमी फसतो' ही तक्रार ऐकली की आधी आकडा विचारावा. अठरा टक्क्यांचा संघही प्रेक्षकाला नापास वाटतो, कारण न झालेले गोल जास्त लक्षात राहतात.

मग खरोखर अडलेला पॉवरप्ले कसा असतो?

त्यासाठी २०११ च्या प्लेऑफमधल्या, म्हणजे नियमित हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांमधल्या, ब्रुइन्सइतके चांगले उदाहरण मला माहीत नाही. नियमित हंगामात त्यांचे प्रमाण १६.२ टक्के होते, म्हणजे वाईटाकडे झुकणारे पण लाजिरवाणे नव्हे. पहिल्या फेरीत मॉन्ट्रियलविरुद्ध सात सामन्यांत त्यांना २१ पॉवरप्ले मिळाले आणि एकावरही गोल झाला नाही. पहिल्या तीन फेऱ्या मिळून ६१ संधींत पाच गोल. संपूर्ण प्लेऑफमध्ये ८८ संधींत दहा, म्हणजे ११.४ टक्के. तरीही १५ जून २०११ रोजी व्हँकुव्हरमध्ये सातवा सामना ४-० ने जिंकून त्यांनी ३९ वर्षांनी स्टॅनले कप, म्हणजे लीगच्या विजेत्याचा करंडक, घरी नेला. पॉवरप्लेविषयी बोलताना लोक जी कारणे सर्रास देतात, त्यांतली बरीचशी या एका संघावर घासून पाहता येतात.

फटक्यात दम नसतो म्हणून गोल होत नाहीत का?

ब्रुइन्सचा कर्णधार झेडेनो चारा सहा फूट नऊ इंच उंचीचा होता आणि त्याच वर्षी जानेवारीत ऑल-स्टार कौशल्य स्पर्धेत त्याने ताशी १०५.९ मैल, म्हणजे सुमारे १७० किलोमीटर वेगाचा फटका मारून विक्रम केला होता. जगातला सर्वांत जोरकस फटका ज्या संघाकडे होता, त्याच संघाचा पॉवरप्ले २१ वेळा सलग कोरडा गेला. या प्रश्नाचे एवढे उत्तर पुरे.

नेमके घोडे अडते कुठे?

बहुतेक वेळा निळ्या रेषेवर, म्हणजे जिथून प्रतिस्पर्ध्याचे क्षेत्र सुरू होते तिथे. हे समजण्यासाठी दोन मिनिटांचा हिशेब मांडून पाहावा लागतो.

शिक्षा झाल्यावरचा पहिला फेसऑफ (दोन गड्यांमध्ये चकती टाकून खेळ सुरू करणे) प्रतिस्पर्ध्याच्या क्षेत्रात होतो, त्यामुळे पॉवरप्लेवाला संघ आयताच हवा त्या जागी असतो. समजा, तो फेसऑफ हरला. बचाव करणारा खेळाडू पक, म्हणजे ती रबराची चकती, उचलून थेट मैदानाच्या दुसऱ्या टोकाला भिरकावतो. एरवी असे केले की शिट्टी वाजते आणि खेळ पुन्हा त्याच्याच गोलाजवळ येतो, पण खेळाडू कमी असलेल्या संघाला ही मुभा असते. मैदान २०० फूट लांब आहे. पॉवरप्लेवाल्यांचा एक खेळाडू मागे वळून आपल्याच गोलामागे जातो, चकती ताब्यात घेतो, बाकीचे चौघे फिरून पुन्हा रांग धरतात, आणि घड्याळातले वीस-एक सेकंद कोणी गोलाकडे न पाहताच संपतात. असे तीनदा झाले की दोन मिनिटांतले एक मिनिट गेले.

आता आत शिरायचे. नियम असा की चकतीने निळी रेषा ओलांडण्याआधी आक्रमकांपैकी कोणी आत गेला तर ऑफसाइड. त्यामुळे गडी रेषेपाशी येऊन थबकतात, वेग मरतो, आणि समोर चार बचावपटू रेषेवर ओळीने उभे असतात. चकती घेऊन येणाऱ्याला उभ्या माणसांना पास द्यावा लागतो, आणि बर्फावर उभ्या माणसाला वेग घ्यायला दोन-तीन ढांगा लागतात, तेवढ्यात बचावपटू अंगावर आलेला असतो. यावर उपाय म्हणून आज जवळपास सगळे संघ मागे सोडलेला पास वापरतात: पहिला खेळाडू वेगात पुढे येऊन बचावाला मागे रेटतो आणि चकती मागच्यासाठी सोडून देतो, मागचा पूर्ण वेगात येतो आणि मोकळ्या जागेतून आत शिरतो. कागदावर हे सोपे असते, पण मागच्याने एका सेकंदाची घाई केली की सगळे रेषेवर एकमेकांत अडकतात.

ब्रुइन्स ताकदवान गड्यांचा संघ होता. पाच विरुद्ध पाचच्या खेळात चकती प्रतिस्पर्ध्याच्या कोपऱ्यात फेकायची, मिलान लुचिच आणि नेथन हॉर्टनसारख्यांनी मागे धावून अंगाच्या जोरावर ती परत मिळवायची, ही त्यांची रीत आणि ती उत्तम चालत होती. पॉवरप्लेवरही हात त्याच सवयीने चालत. पण एक माणूस जास्त असताना हातातली चकती आपणहून सोडून द्यायची आणि मग ती परत मिळवायला झगडायचे, हे सावकाराने स्वतःच उसनवारीला निघण्यासारखे आहे. माझ्या मते त्यांच्या पॉवरप्लेचे पहिले दुखणे हेच होते.

आत शिरल्यानंतर तरी सोपे जाते ना?

एक जास्तीचा माणूस आहे म्हणून कोणीतरी मोकळा असतोच. तो शोधायला मात्र चकती बचावपटूंच्या पायांपेक्षा जलद फिरावी लागते. अडलेल्या पॉवरप्लेची खूण म्हणजे पाचही जण आपापल्या जागी खुंटीला टांगल्यासारखे उभे राहतात आणि चकती बाहेरच्या कडेने, कोपऱ्यातून निळ्या रेषेकडे आणि तिथून दुसऱ्या कोपऱ्याकडे फिरत राहते. चार बचावपटू मधली चौकट सांभाळून निवांत असतात. प्रेक्षकाला वाटते की दबाव वाढतो आहे. गोलरक्षकाला मात्र एकदाही आडवे सरकावे लागत नाही.

गोलाच्या मध्यापासून सरळ पुढे एक रेघ ओढली आहे अशी कल्पना करावी. पास ती रेघ ओलांडून गेला की गोलरक्षकाला या खांबापासून त्या खांबाकडे जावे लागते, आणि तो सरकत असताना मारलेला साधा फटकाही आत जाण्याची शक्यता कितीतरी वाढते. चारा कितीही जोरात मारो, गोलरक्षक जागेवर स्थिर असेल आणि चकती त्याला दिसत असेल, तर सहा फूट बाय चार फुटांचा गोल त्याच्या अंगामागे झाकला जातो.

आज एक-तीन-एक ही मांडणी सर्वत्र दिसते: एक निळ्या रेषेवर, दोघे दोन बाजूंना, एक मधोमध आणि एक गोलाच्या तोंडाशी. वॉशिंग्टन कॅपिटल्सने २०१२-१३ मध्ये या मांडणीवर २६.८ टक्के गाठले आणि लीगमध्ये पहिला क्रमांक मिळवला. अलेक्झांडर ओव्हेच्किन डाव्या वर्तुळातून पहिल्याच स्पर्शात फटका मारणार, हे सगळ्यांना पाठ होते. तरी त्याला अडवता येत नसे, कारण त्याच्याकडे माणूस धाडला की मधला मोकळा होई. डाव ओळखता येणे हा दोष नाही, डाव एकच असणे हा दोष आहे.

ब्रुइन्सने पॉवरप्ले सुधारण्यासाठी खेळाडू आणला होता ना? त्याचा उपयोग का झाला नाही?

१८ फेब्रुवारी २०११ रोजी त्यांनी टोरोंटोकडून टोमास काबेर्ले हा अनुभवी बचावपटू घेतला, आणि बदल्यात जो कोलबोर्न हा तरुण खेळाडू आणि नवोदितांच्या निवडप्रक्रियेतला पहिल्या फेरीतला निवडीचा हक्क मोजला. निळ्या रेषेवरून पॉवरप्ले चालवणारा म्हणून त्याचा लौकिक होता. प्लेऑफच्या २५ सामन्यांत त्याने ११ असिस्ट (दुसऱ्याच्या गोलाला हातभार लावणारे पास) दिले, गोल मात्र एकही केला नाही, आणि त्या उन्हाळ्यात तो कॅरोलायनाला गेला.

काबेर्लेवर टीकेची झोड उठली, पण मला ती अर्धीच पटते. त्याचा स्वभाव पासचा; तो फारसा फटका मारत नाही हे समोरच्यांना ठाऊक असल्यामुळे ते त्याच्यावर धावून न जाता मागे सरकत आणि पासच्या वाटा बुजवत. एवढे त्याच्या पदरात घालायला हवे. पण संघाची खरी पोकळी दुसऱ्याच जागी होती. मार्क सव्हार्ड हा ब्रुइन्सचा सर्वोत्तम पासर, मैदानाभोवतीच्या फळीच्या कुंपणाजवळ उभा राहून पॉवरप्ले चालवणारा. जानेवारी २०११ मध्ये मेंदूला पुन्हा झालेल्या आघातानंतर तो पुढे कधीच एनएचएलचा सामना खेळला नाही. त्या हंगामात त्याच्या वाट्याला २५ सामने आले. फळीजवळ उभा राहून, अंगावर येणाऱ्या बचावपटूला शेवटच्या क्षणापर्यंत थांबवून मग आरपार पास देणारा माणूस गेला, आणि त्याच्या बदल्यात निळ्या रेषेवरचा माणूस आला. दार मोडले असताना खिडकी नवी बसवावी, तसा हा प्रकार झाला.

प्रेक्षक 'मार, मार' म्हणून ओरडतात, ते चुकीचे असते का?

निम्मे बरोबर असते. फटका मारल्याने चकती उसळते, बचावाची चौकट विस्कटते, आणि त्या गोंधळात जास्तीचा माणूस खऱ्या अर्थाने उपयोगी पडतो. मात्र हे तेव्हाच, जेव्हा परतलेल्या चकतीवर आधी पोहोचणारा आपला असतो. गोलासमोर कोणी नसताना निळ्या रेषेवरून मारलेला फटका म्हणजे गोलरक्षकाला दिलेला झेलाचा सराव असतो, किंवा बचावपटूच्या नडगीला लागून चकती थेट त्या क्षेत्राबाहेर सुटते.

चाराला गोलासमोर उभे केले, हा वेडेपणा नव्हता का?

वरवर पाहता होता: सर्वांत जोरकस फटक्याचा धनी फटक्याच्या जागेवरून काढून गोलरक्षकासमोर भिंत म्हणून उभा करायचा. प्रशिक्षक क्लोद जुलियन यांनी अंतिम फेरीत हे केले. पहिल्या सामन्यात त्याचे फळ दिसले नाही. ब्रुइन्स सहा संधींवर कोरडे राहिले आणि सामना १-० ने हरले. पण संपूर्ण अंतिम फेरीचा हिशेब २७ संधींत पाच गोल असा लागला, म्हणजे साडेअठरा टक्के. आधीच्या तीन फेऱ्यांच्या आठ टक्क्यांपुढे हे बरेच बरे होते. सगळे श्रेय एका बदलाला देता येणार नाही, पण ४३ वर्षांचा मार्क रेकी आणि सहा फूट नऊ इंचांचा चारा गोलाच्या तोंडाशी गर्दी करू लागल्यावर व्हँकुव्हरचा गोलरक्षक रॉबर्टो लुआंगो याला चकती दिसेनाशी होत असे, हे डोळ्यांनी पाहता येत होते.

हे सगळे निव्वळ दुर्दैवही असू शकते का?

थोडे असतेच, आणि लोक समजतात त्यापेक्षा बरेच जास्त असते. वीस टक्क्यांचा सक्षम पॉवरप्ले घ्या. त्याच्या दहा संधी सलग वाया जाण्याची शक्यता दहा टक्क्यांहून थोडी जास्त निघते. लीगमध्ये आज ३२ संघ आहेत. म्हणजे कोणत्याही पंधरवड्यात दोन-तीन चांगले संघ 'दहापैकी शून्य' अवस्थेत सापडणारच, आणि त्यांच्या शहरांतले लोक प्रशिक्षकाच्या नावाने बोटे मोडत असणारच. ब्रुइन्ससारख्या सोळा टक्क्यांच्या संघाला २१ पैकी शून्य येण्याची शक्यता मात्र अडीच टक्क्यांच्या आसपास आहे. एवढा मोठा कोरडा काळ फक्त नशिबाच्या माथी मारता येत नाही.

म्हणून टक्केवारीपेक्षा दुसऱ्या गोष्टी मोजणे शहाणपणाचे ठरते: दोन मिनिटांपैकी किती वेळ चकती प्रतिस्पर्ध्याच्या क्षेत्रात राहिली, आत शिरण्याचे किती प्रयत्न यशस्वी झाले, गोलाच्या अगदी समोरून किती फटके मारले. हे आकडे चांगले असतील तर थांबावे, गोल येतात. हेच वाईट असतील तर एखाद्या सामन्यात दोन गोल झाले म्हणून हुरळून जाऊ नये.

पॉवरप्लेवर असताना उलट गोल खाल्ला, असे होते का?

होते, आणि ते फार जिव्हारी लागते. कबड्डी पाहणाऱ्यांना सुपर टॅकल आठवेल: मैदानात तीनच किंवा त्याहून कमी गडी उरलेले असताना चढाईपटूला पकडले की जादा गुण मिळतो आणि अख्खे पारडे फिरते. आइस हॉकीत अशा गोलाला जादा मोल नसते, पण परिणाम तसाच होतो. २७ एप्रिल २०११ रोजी मॉन्ट्रियलविरुद्धच्या सातव्या सामन्यात ब्रुइन्स २-१ ने पुढे होते आणि पॉवरप्लेही त्यांचाच होता. टोमास प्लेकानेत्सने चकती हिसकावली, एकटाच ब्रुइन्सचा गोलरक्षक टिम थॉमस याच्या दिशेने सुटला आणि सामना २-२ झाला. पॉवरप्लेवर चार आघाडीपटू आणि एकच बचावपटू उतरवण्याची पद्धत आता रूढ आहे. त्यात निळ्या रेषेवर एक पास चुकला की मागे धावायला कोणी नसतो.

मग ब्रुइन्स जिंकले तरी कसे?

पॉवरप्ले हा सामन्याचा छोटा भाग असतो, म्हणून. मॉन्ट्रियलविरुद्धचे चार विजय त्यांनी पॉवरप्लेवर एकही गोल न करता मिळवले. सात सामन्यांची मालिका असे करून जिंकणारा एनएचएलच्या इतिहासातला तो पहिलाच संघ. त्या चारांपैकी तीन विजय जादा वेळेत मिळाले, म्हणजे गळ्याशी आलेच होते. पण पाच विरुद्ध पाचच्या खेळात ते लीगमधल्या सर्वोत्तम संघांपैकी एक होते, आणि गोलात थॉमस होता. प्लेऑफमध्ये त्याने अंगावर आलेल्या प्रत्येक शंभर फटक्यांपैकी ९४ अडवले. टॅम्पा बेविरुद्धच्या उपांत्य फेरीचा सातवा सामना तर एकाही पेनल्टीविना पार पडला. दोन्हीकडे पॉवरप्ले शून्य, आणि हॉर्टनच्या एकमेव गोलावर १-० असा निकाल. ब्रुइन्सच्या दृष्टीने पंचांनी याहून मोठी कृपा करणे शक्य नव्हते!

लीगमधला सर्वोत्तम पॉवरप्लेही अडतो का?

त्याच अंतिम फेरीत अडला. व्हँकुव्हर कनक्सचा पॉवरप्ले नियमित हंगामात २४.३ टक्क्यांसह पहिल्या क्रमांकावर होता. सॅन होजेविरुद्धच्या उपांत्य फेरीतल्या चौथ्या सामन्यात त्यांनी पाच विरुद्ध तीनच्या संधींवर दोन मिनिटांच्या आत तीन गोल केले होते. हेन्रिक आणि डॅनियल या सेदीन जुळ्या भावांचे एकमेकांकडे न पाहता दिलेले पास हा कौतुकाचा विषय होता. अंतिम फेरीत त्याच पॉवरप्लेला ३३ संधींत दोन गोल करता आले. उलट ब्रुइन्सने त्यांच्याविरुद्ध कमी खेळाडूंनिशी तीन गोल केले. ज्या संघाचा स्वतःचा पॉवरप्ले अडला होता, त्याने कमी माणसांनी खेळून प्रतिस्पर्ध्याच्या पॉवरप्लेपेक्षा जास्त गोल केले.

कारणे वर आलीच आहेत, फक्त बाजू बदलली. ब्रुइन्सने फळीजवळच्या सेदीनला विचार करायला वेळ दिला नाही. चकती त्याच्याकडे येताक्षणी चारा किंवा डेनिस सायडनबर्ग अंगावर जात, आणि आरपार पासची वाट तिसरा माणूस स्टिक आडवी धरून बुजवत असे. रायन केस्लर दुखापत सोसत खेळत होता. उन्हाळ्यात त्याच्या खुब्यावर शस्त्रक्रिया करावी लागली. गोल होईनात तसतसे व्हँकुव्हरवाले आणखी नेमका, आणखी सुंदर पास शोधू लागले, आणि मारायच्या जागेवरूनही मारेनात.

प्रशिक्षक बदलल्याने फरक पडतो का?

कधी कधी पडतो, पण बदलायचे ते काय, हे आधी ठाऊक असेल तर. मांडणी बदलणे सर्वांत सोपे आणि म्हणून सर्वांत आधी केले जाते. फळ्यावर पाच खुणा इकडच्या तिकडे केल्या की काम झाल्यासारखे वाटते. निळ्या रेषेवरचा प्रवेश सुधारायला आठवडे लागतात, कारण तो पाच जणांच्या वेळेचा प्रश्न आहे आणि ८२ सामन्यांच्या हंगामात सरावाला सलग दिवस क्वचितच मिळतात.

सामना पाहताना मी काय पाहावे?

चकती पाहू नये, निदान पहिली काही सेकंदे तरी. निळ्या रेषेपाशी आलेल्या चौघांचे पाय पाहावेत: ते चालू आहेत की थांबले आहेत. मग आत गेल्यावर गोलरक्षकाकडे नजर ठेवावी. मिनिटभरात तो एकदाही या खांबाकडून त्या खांबाकडे गेला नसेल, तर फटक्यांचा आकडा काहीही असो, तो पॉवरप्ले कडेकडेनेच फिरतो आहे. आणि चकती सुटून भिरकावली गेली की घड्याळाकडे एकदा पाहून ठेवावे; ती परत त्याच जागी येईपर्यंत किती सेकंद गेले, ते मोजण्यासारखे असते.